चढाचा हिशेब

वाचकहो, चार वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी इंग्लंडहून दूरध्वनीवर कळविले, "अण्णा, हल्ली मी फेल रनिंग करू लागलो आहे." शेजारी बसलेल्या सौ. लगेच म्हणाल्या, "नापासच व्हायचे, तर त्यासाठी धावायला कशाला हवे?" हा विनोद आमच्या घरी पुष्कळ दिवस चालला. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तीन महिने त्याच्याकडे राहून आलो आणि त्या शब्दाचा खरा अर्थ उमगला. या महिन्यात ठेवी, विमा, व्याजदर हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून त्याविषयीच लिहितो. अर्थात, उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाला डोंगरही अखेर खतावणीसारखाच दिसतो, हे वाचकांनी समजून घ्यावे.

'फेल' म्हणजे डोंगर. सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडात येऊन वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून हा शब्द तिकडच्या बोलीत राहिला. लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या प्रदेशात शेतांच्या दगडी भिंती संपल्या की वर मेंढ्यांची मोकळी कुरणे सुरू होतात, तोच फेल. तेथे झाडे विरळ, वाट असेलच असे नाही. दलदल, ओले गवत आणि पायाखालून घसरणारे दगडगोटे मात्र विपुल. इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक अवघे ९७८ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. हे आकडे ऐकून मी प्रथम हसलो होतो. परंतु तेथे ढग पाहता पाहता खाली उतरतो, पावसाच्या जोडीला वारा येतो आणि ऑगस्टमध्येही माथ्यावर हाताची बोटे बधिर होऊ शकतात. तेथे उंची कमी असली, तरी हवामान कोणाला सवलत देत नाही.

या धावण्याचा इतिहास कष्टकऱ्यांचा आहे. केझिक गावी अतिथिगृह चालविणाऱ्या बॉब ग्रॅहम यांनी १९३२ च्या जूनमध्ये चोवीस तासांच्या आत ४२ शिखरे पालथी घातली. पुढे १९६० पर्यंत ही फेरी कोणालाही तेवढ्या वेळात पुन्हा करता आली नाही. वॉसडेल खोऱ्यातील जॉस नेलर (१९३६–२०२४) हे मेंढपाळ. पाठीच्या दुखण्याने त्यांना तरुणपणीच गाठले होते. तरी १९७५ मध्ये त्यांनी चोवीस तासांच्या आत ७२ शिखरे केली आणि २००६ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ७० शिखरे. बॉरोडेलचे बिली ब्लँड हे दगडी बांधकाम करणारे गवंडी. दिवसभर दगड उचलायचे आणि संध्याकाळी डोंगरावर धावायचे, असा त्यांचा क्रम होता. धावणे हा यांपैकी कोणाचाच पोटापाण्याचा उद्योग नव्हता. दुकान सांभाळून वेळ कसा काढावा, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी ही नावे ध्यानात ठेवावीत.

आमच्या मुलाचे लक्ष होते बॉरोडेलच्या शर्यतीवर. ती ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी असते. रॉस्थवेट या छोट्या गावातून निघायचे. बेसीबूट, एस्क हॉज, स्काफेल पाइक, स्टाय हेड, ग्रेट गेबल, हॉनिस्टर खिंड आणि डेल हेड अशी ठिकाणे क्रमाने गाठून पुन्हा त्याच गावी उतरायचे. अंतर सुमारे १७ मैल आणि एकूण चढ सुमारे ६,५०० फूट. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरवाटेचा एक ठोकताळा सांगितला होता: दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. त्याप्रमाणे अंतराचे ५ तास ४० मिनिटे आणि चढाचे ३ तास १५ मिनिटे, म्हणजे चालणाऱ्या धडधाकट माणसाला सुमारे नऊ तास लागावेत. बिली ब्लँड यांनी १९८१ मध्ये हेच अंतर २ तास ३४ मिनिटांत तोडले. आमच्या चिरंजीवांना आदल्या वर्षी ४ तास २० मिनिटे लागली होती. चार तासांच्या आत येण्याचा त्याचा संकल्प होता.

तो राहतो केंडल येथे. वय चव्वेचाळीस, अभियंत्याची नोकरी, पत्नी नोकरी करणारी, मुलगा नऊ वर्षांचा. आम्ही पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याने एक कोरी वही माझ्यापुढे ठेवली. "अण्णा, शर्यतीला बारा आठवडे आहेत. माझे खाते तुम्ही सांभाळा." निवृत्तीनंतर प्रथमच कोणी माझ्या हाती खाते सोपवीत होते. मी रूळ घेऊन रकाने आखले: तारीख, अंतर, चढ, वेळ, झोप, शेरा.

त्याचा आठवडा असा असे. सोमवारी विश्रांती. मंगळवारी चढाचे फेरे. गावाच्या पश्चिमेला स्काउट स्कार नावाचा चुनखडीचा कडा आहे, त्या बाजूच्या एका उभ्या उतरणीवर चार मिनिटे दमछाक होईल असे चढायचे, सावकाश खाली यायचे आणि हे सहा वेळा करायचे. बुधवारी केंट नदीच्या काठाने आठ किलोमीटर, तेही सहज गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. गुरुवारी केवळ उतरण्याचा सराव. शुक्रवारी पुन्हा विश्रांती. शनिवारी मुलाबरोबर हलके फिरणे. रविवारी पहाटे निघून चार-पाच तास डोंगरावर, बहुधा शर्यतीच्याच मार्गाच्या एखाद्या तुकड्यावर, हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन. तिकडे जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे संध्याकाळचा सराव आटोपूनही जेवण दिवसाउजेडी होई आणि सौ.ची मोठीच काळजी मिटली.

पहिल्या आठवड्यात चढाची बेरीज ९०० मीटर होती. ती सातव्या आठवड्यात २,१०० मीटर झाली. दर चौथ्या आठवड्याला मात्र ती मुद्दाम खाली आणायची. याचे कारण मला प्रथम समजले नाही. चांगले चाललेले खाते मध्येच का थांबवावे? त्याने समजावून सांगितले की शरीर बळकट होते ते श्रमाच्या वेळी नव्हे, तर श्रमानंतरच्या विश्रांतीत. श्रम ही गुंतवणूक. झोप आणि विश्रांती हे तिचे व्याज. व्याज जमा होण्यापूर्वीच मुद्दल पुन्हा पुन्हा उचलणाऱ्याचे जे होते, तेच अधीर धावपटूचे होते.

दुसरी गोष्ट उतरणीची. चढताना दम लागतो, म्हणून सगळा खर्च चढालाच होतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात चढ फार उभा असेल, तर तेथे नामांकित धावपटूदेखील गुडघ्यांवर हात टेकून चालतात; त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. मांड्यांची खरी हानी होते ती उतरताना. प्रत्येक पावलाला शरीराचा भार थोपवीत असताना मांडीचे स्नायू ताणले जात असतात आणि त्याच वेळी आवळलेलेही असतात. त्यामुळे तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणे एक-दोन दिवसांनी उफाळून येते. समाधानाची बाब एवढीच की थोडी थोडी उतरण आधी सवयीची केली, तर तेच स्नायू पुढच्या वेळी पुष्कळ कमी दुखावतात. गुरुवारचा दिवस त्यासाठी असे. पावले आखूड व भराभर टाकायची, मागे रेलायचे नाही, नजर पायाशी न ठेवता चार पावले पुढे ठेवायची. चढणीपेक्षा उतरणीची तयारी अधिक करावी लागते, ही गोष्ट निवृत्त माणसाला विशेष पटली.

तिसरी गोष्ट कमरेच्या पिशवीची. अशा शर्यतींत शिवणीतूनही पाणी न शिरणारे जाकीट व विजार, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि अडचणीसाठी राखलेले खाणे जवळ ठेवावे लागते. शर्यतीआधी ते तपासलेही जाते. शिट्टीचा संकेत ठरलेला: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा वेळा. आमचा मुलगा खाण्यासाठी खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि त्याच गावाची प्रसिद्ध केंडल मिंट केक नेत असे. नाव केक असले, तरी ती साखर, ग्लुकोज, पाणी आणि पेपरमिंटचे तेल यांची वडीच असते. यातील शेवटची वडी मात्र शर्यत संपेपर्यंत फोडायची नाही. राखीव निधी चालू खर्चाला वापरायचा नसतो, हे मी त्याला लहानपणापासून सांगत आलो. तो ते डोंगरावर पाळीत होता.

नवव्या आठवड्यात मला वहीत एक विसंगती आढळली. गुरुवारची उतरण नेहमी एकाच जागी होई. सहाव्या आठवड्यात ती ३ मिनिटे १० सेकंदांत झाली होती. आठव्यात ३ मिनिटे २५ सेकंद. नवव्यात ३ मिनिटे ४० सेकंद. मंगळवारच्या चढाच्या वेळा मात्र जशाच्या तशा. शेऱ्याच्या रकान्यात सर्वत्र 'ठीक'. खात्याची एक बाजू निरोगी आणि दुसरी खालावत चाललेली दिसली की बँकेतील माणसाला झोप लागत नाही.

रात्री जेवणानंतर मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अण्णा, उजवा गुडघा दुखतो आहे. सातव्या आठवड्यापासून. लिहिले असते तर तुम्ही आणि आईने शर्यतच बंद करायला लावली असती."

माझ्या ओठांवर आलेले शब्द मी गिळले. कारण मला एकदम एक जुने खाते आठवले. मी शाखाधिकारी असताना एका सचोटीच्या व्यापाऱ्याने पहिला हप्ता थकल्याचे मला कळू दिले नव्हते. बाहेरून चढ्या व्याजाने रक्कम उचलून त्याने तो हप्ता भरला, मग पुढचाही तसाच. माझ्याकडे आला तेव्हा काही उपाय उरला नव्हता, दुकान गेले. "पहिल्याच महिन्यात का आला नाहीत? हप्ते लांबवून दिले असते," असे मी म्हणालो, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला होता, "साहेब, तुमची भीती वाटली." पुष्कळ वर्षे मी ती चूक त्याच्याच नावे टाकीत आलो. त्या रात्री केंडलमध्ये प्रथम ध्यानात आले की खातेदार खरे लिहीत नाही, तेव्हा अर्धी चूक खाते तपासणाऱ्याच्या चेहऱ्याची असते. माझा मुलगा चव्वेचाळीस वर्षांचा होऊनही माझ्यापासून गुडघा लपवीत होता.

मी त्याला एवढेच सांगितले, "धावायचे की नाही, हा निर्णय तुझा. मी 'नको' म्हणणार नाही. परंतु नोंद खरी हवी."

दुसऱ्या दिवशी तो फिजिओथेरपिस्टकडे गेला. उतरणीचा भार फार झपाट्याने वाढविल्याचा तो परिणाम होता. दहावा आठवडा सक्तीची विश्रांती आणि मांडीचे व्यायाम. शेवटचे दोन आठवडे तसेही हलकेच असतात. शर्यतीला उभे राहण्यास हरकत नाही, मात्र दुखणे वाढले तर थांबावे, असा सल्ला मिळाला. 'वाढले तर' म्हणजे नेमके किती? शेअर बाजारात व्यवहार करणारे वाचक 'स्टॉप लॉस' जाणतात. तोटा किती झाला की बाहेर पडायचे, हे मन शांत असताना ठरवावे लागते; भाव कोसळत असताना मन नेहमी आणखी एक दिवस मागते. आम्ही स्वयंपाकघरातील टेबलावर नकाशा पसरून ठरविले: स्काफेल पाइकवरून स्टाय हेडपर्यंतच्या उतरणीत लंगडावे लागले, तर स्टाय हेडलाच थांबायचे. तेथून सीथवेटला उतरणारी सरळ वाट आहे. त्यापुढे ग्रेट गेबलचा ८९९ मीटरचा माथा उभा राहतो आणि माघार अवघड होते. हे वाक्य मी वहीत लिहिले आणि त्याने खाली सही केली.

शर्यतीच्या दिवशी ढग खाली आला होता. शेजारचे सीथवेट हे इंग्लंडमधील सर्वाधिक पावसाचे वस्तीचे ठिकाण म्हणून ओळखले जाते, आणि त्या दिवशी त्याने नावलौकिक राखला. धावपटू ओढ्यापलीकडे दिसेनासे झाल्यावर सौ., सूनबाई, नातू आणि मी छत्र्या घेऊन समाप्तीच्या रेषेपाशी उभे राहिलो. पहिला धावपटू चिखलाने माखून आला, मग दुसरा, मग रांग लागली. चार तास झाले. चार तास वीस मिनिटे झाली. नातू येणाऱ्यांचे क्रमांक मोठ्याने वाचीत होता. पुढे तोही थांबला. सौ. काही बोलल्या नाहीत, परंतु त्यांनी माझी बाही घट्ट धरली होती. डोंगरावर भ्रमणध्वनी लागत नव्हता.

साडेचार तासांनी मी तंबूतील टेबलापाशी गेलो. तेथे एक प्रौढ बाई पेन्सिलीने याद्या तपासत बसल्या होत्या. मी क्रमांक सांगितला. त्यांनी बोट खाली नेले, एका ओळीवर थांबविले आणि यादी माझ्याकडे वळविली. एस्क हॉज, स्काफेल पाइक, स्टाय हेड येथे खुणा होत्या आणि पुढे लिहिले होते: शर्यत सोडली, चालत खाली येत आहे. एवढे शोधायला त्यांना एक मिनिटही लागले नाही.

वाचकहो, मी आयुष्यात असंख्य नोंदी वाचल्या. त्या ओळीइतकी मोलाची एकही नव्हती. प्रत्येक ठाण्यावर स्वयंसेवक पावसात उभे राहून क्रमांक टिपतात. वर गेलेले आणि खाली आलेले यांचा ताळा जुळल्याशिवाय दिवस संपत नाही. म्हणून त्या शर्यतींचा एक कडक नियम आहे: शर्यत अर्धवट सोडणाऱ्याने न सांगता घरी जायचे नाही, समाप्तीला येऊन आपली वर्दी द्यायचीच. नाही तर एका माणसाच्या गलथानपणापायी गिरिबचाव पथकाचे लोक रात्रभर धुक्यात शोधत फिरतात; आणि तेही आपापले कामधंदे सोडून आलेले स्वयंसेवकच असतात. आमच्या बँकेत रोकड जुळेपर्यंत कोणी घरी जात नसे. येथे तोच नियम माणसांना लावलेला होता.

आणखी वीस मिनिटांनी तो रस्त्याने लंगडत येताना दिसला. नातू धावत सुटला. मुलाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. परंतु तो आमच्याकडे वळला नाही. आधी टेबलाकडे गेला, आपला क्रमांक सांगितला, त्या बाईंनी नावापुढे खूण करेपर्यंत थांबला आणि मगच आमच्याकडे आला. मला म्हणाला, "अण्णा, स्टाय हेडला पाय पुढे जायला बघत होते. वहीवर सही केली नसती तर गेलो असतो."

त्या रात्री त्याने शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: 'स्टाय हेडपर्यंत. ठरल्याप्रमाणे थांबलो.' मी खाली आद्याक्षरी केली.

आपल्याकडे पहाटे पर्वती किंवा अजिंक्यतारा चढणारे पुष्कळ वाचक आहेत. काहींची मुले साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्ये धावतात. त्यांच्यासाठी या तीन महिन्यांतून चार गोष्टी सांगतो. चढाची बेरीज हळूहळू वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला ती खाली आणा. उतरणीचा सराव स्वतंत्रपणे व थोडा थोडा करा. कोठे जात आहोत आणि केव्हा परतू, हे घरी सांगून निघा. बेत बदलला तर तेही कळवा. कोठे थांबायचे, ते निघण्यापूर्वी ठरवून ठेवा. पाचवी गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी: दुखणे सांगितल्यावर घरात आधी ओरडा मिळणार असेल, तर मुले ते सांगत नाहीत. दुकानातील तोट्याचेही तसेच आहे.

चिरंजीवांचा गुडघा दीड-दोन महिन्यांत बरा झाला. यंदाही त्याने नाव नोंदविले आहे. गेल्या आठवड्यात त्याने नव्या वहीच्या पहिल्या पानाचे छायाचित्र पाठविले. मी आखून दिलेल्या सहा रकान्यांखेरीज त्याने स्वतःहून सातवा आखला आहे: 'दुखणे'. पहिल्या आठवड्यापुढे तेथे लिहिले आहे, 'निरंक'. गुरुवारच्या उतरणीच्या वेळा मी ताडून पाहिल्या. नोंद बरोबर आहे.